भुलीआधीची चौकशी

जन्मजात चयापचय-विकारात शरीरातले एखादे एन्झाइम तयारच होत नाही, किंवा तयार झाले तरी नीट काम करत नाही. एकेक विकार घेतला तर तो दुर्मिळ असतो, पण अशा विकारांची संख्या शेकड्यांत आहे. कित्येकांना आपल्यात असे काही आहे याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. लागलाच तर तो तान्हेपणी मूल एकाएकी कोसळते तेव्हा, नाहीतर पुढे कधीतरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर. उपाशी ठेवणे, स्नायू सैल करणे, शिरेतून सलाइन चढवणे हे सगळे शस्त्रक्रियेत नित्याचे असते आणि निरोगी माणूस ते सहज पचवतो. एन्झाइमची उणीव असलेल्याला यातलेच काहीतरी बाधते.

सुरतेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर या रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधीच्या फिटनेससाठी रांगेत बसलेल्यांत लिंबायत-डिंडोलीचे खानदेशी असतात, तापी लाइनच्या गाडीने नवापूर-नंदुरबारहून आलेले असतात, दक्षिण गुजरातचे चौधरी, गामीत, वसावा असतात, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि गंजामहून आलेले ओडिया यंत्रमाग कामगारही असतात. प्रत्येकाची वंशपरंपरा वेगळी, आणि भूलतज्ज्ञाच्या हाती दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत दुर्मिळ विकारांचा माग काढावा का, यावर दोन मते आहेत. एकाला आग्रही म्हणू, दुसऱ्याला शंकेखोर.

आग्रही : स्कोलिनपासून सुरुवात करावी, कारण तिथे कार्यकारण अगदी उघड आहे. घाईने श्वासनलिकेत ट्यूब टाकायची असते तेव्हा स्नायू झटकन सैल व्हावेत म्हणून सक्सामेथोनियम, म्हणजे ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भाषेत स्कोलिन, दिले जाते. रक्तातले ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करते, म्हणून पाच-दहा मिनिटांत रुग्ण पुन्हा श्वास घेऊ लागतो. ज्याच्यात ते एन्झाइम नाही त्याची छाती कित्येक तास हलत नाही. वर्नर कालो यांनी टोरांटोत १९५७ मध्ये डायब्युकेनची चाचणी मांडली आणि हा दोष आनुवंशिक असल्याचे प्रयोगशाळेत मोजता येऊ लागले. आपल्याकडची नोंद त्याहून बोलकी आहे. दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात स्कोलिननंतर श्वास लांबण्याचे प्रकार भूलतज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होते. २००६ मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला. प्रथिनाच्या साखळीत ३०७व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येते आणि एन्झाइम जवळजवळ निकामी होते. हा समाज आंध्र-तेलंगणापुरता नाही. नांदेड-देगलूरकडे तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे आणि व्यापाराच्या निमित्ताने कुठेही भेटतो. ‘घरात कुणाला ऑपरेशननंतर मशीनवर ठेवावे लागले होते का?’ हे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढ्यावरून सगळा बेत बदलता येतो.

शंकेखोर : प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे, पण उत्तर मिळेलच असे नाही. ज्या घरात कुणाचे ऑपरेशनच झालेले नाही तिथे काय आठवणार? आणि आठवले तरी ‘शुद्धीवर यायला वेळ लागला’ एवढेच आठवते. तो वेळ स्कोलिनमुळे लागला की आणखी कशामुळे, हे घरच्यांना कुणी सांगितलेले नसते. त्यातून जात किंवा भाषा विचारून अंदाज बांधायचा म्हटले तर गोंधळ आणखी वाढतो. सुरतेतले तेलुगू भाषक बहुतांशी विणकर आहेत, वैश्य नव्हेत. उलट नांदेडचा आर्य वैश्य घराबाहेर अस्खलित मराठी बोलतो. ‘तेलुगू आहे, स्कोलिन नको’ अशी चिठ्ठी लावली तर नको त्याच्यावर लागेल आणि हवी तो निसटेल. शिवाय हे एन्झाइम कमी असण्याची आनुवंशिकतेपलीकडची कारणे कितीतरी जास्त आढळतात. गरोदरपणात ते उतरते, यकृताच्या आजारात उतरते, कुपोषणात उतरते. कापसावर फवारणी करताना अंगावर घेतलेले ऑर्गॅनोफॉस्फेट तर त्याला थेट बंद पाडते. खानदेशातून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत जनुकाआधी फवारणीचा पंप आठवावा, हे जास्त शहाणपणाचे.

आग्रही : फवारणीचा मुद्दा मान्य, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सीरम कोलिनएस्टरेज नेहमीच तपासले जाते. चाचणी हाताशी आहे, यंत्र आहे, ती करणारा माणूस आहे. शंका आलेल्या रुग्णाचे तेवढे रक्त पाठवायला नवी सोय लागत नाही. भाषेवरून चिठ्ठी लावण्याला विरोध योग्यच आहे, म्हणूनच प्रश्न जातीचा नसावा, घरातल्या घटनेचा असावा. त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा : आई-वडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रीतीचे मानले जाते, तेलंगणातही. दोन्हीकडून सदोष जनुक येण्याची शक्यता अशा घरात वाढते. बहुतेक गुजराती हिंदू जातींत अशी सोयरीक होत नाही, त्यामुळे त्या वातावरणात वाढलेल्या डॉक्टरला हा प्रश्न सुचेलच असे नाही. सुरतेत तो मुद्दाम शिकवावा लागेल.

शंकेखोर : विचारून, तपासून शेवटी काय बदलते, तेही पाहावे. स्कोलिनने श्वास लांबला तर उपचार एकच असतो. रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायचे आणि औषध आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. नाव कळल्याने ते तास कमी होत नाहीत. ज्या ओटीत व्हेंटिलेटर आहे, रात्री जागणारा माणूस आहे, स्नायूंची ताकद मोजणारा नर्व्ह स्टिम्युलेटर आहे, तिथे हा विकार निदानाशिवायही निभावतो. जिथे यातले काही नाही तिथे निदान हातात असूनही माणूस दगावू शकतो. मग पैसा दुर्मिळ जनुकांच्या शोधावर घालायचा की स्टिम्युलेटरवर?

आग्रही : थांबायचे, हे खरे. पण थांबताना रुग्ण झोपेत आहे ना? श्वास येत नाही याचे कारण न कळलेला भूलतज्ज्ञ गॅस बंद करून वाट पाहतो. रुग्ण जागा होतो, सगळे ऐकतो, पण पापणीही हलवू शकत नाही. विकाराची शंका मनात असेल तर झोपेचे औषध चालूच राहते. नावाचा उपयोग एवढा तरी आहे. आणि पुढच्या वेळी स्कोलिन टाळता येते. त्याऐवजी रोक्युरोनियम देऊन ते सुगामाडेक्सने उतरवण्याची वाट आता आहे, महाग असली तरी.

इथे शंकेखोराची बाजू जड वाटते, हे नोंदवायला हवे. स्कोलिनचा धोका डोळ्यांसमोर घडतो आणि सावध माणूस तो निभावून नेतो. म्हणून आग्रही आपले उदाहरण बदलतो.

आग्रही : जी-सिक्स-पीडी घ्यावे. लाल पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे हे एन्झाइम. त्याची उणीव एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून पुरुषांत ती जास्त दिसते. जगभरात सुमारे चाळीस कोटी लोकांत ती असल्याचा अंदाज आहे, तेव्हा तिला दुर्मिळ म्हणणेही कठीण. मुंबईच्या संशोधकांनी १९६० च्या दशकातच पारशी समाजात तिचे मोठे प्रमाण नोंदले. पुढे एका कोळी कुटुंबात सापडलेल्या तिच्या एका प्रकाराला ‘कल्याण’ हे नाव मिळाले. आदिवासी पट्ट्यात, म्हणजे सुरतेच्या पूर्वेला आणि नंदुरबारकडे, ती सिकलसेलच्या बरोबरीने फिरते. आता सुरतेची कल्पना करावी. रंगाच्या आणि प्रोसेसिंगच्या कारखान्यांत अ‍ॅनिलीन, नायट्रोबेन्झीन यांच्यासारखी रसायने असतात. ती अंगावर सांडली तर रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढते, ओठ निळे पडतात आणि उतारा म्हणून मिथिलीन ब्लू दिले जाते. पण मिथिलीन ब्लूला काम करायला जे एनएडीपीएच लागते, ते लाल पेशीत जी-सिक्स-पीडीच्याच वाटेने तयार होते. उणीव असलेल्या कामगारात उतारा चालत नाहीच, उलट लाल पेशी फुटू लागतात. हेच मिथिलीन ब्लू शल्यचिकित्सक आतड्याची गळती पाहायला, ग्रंथी रंगवायला ओटीतही वापरतात.

शंकेखोर : साखळी बरोबर जुळवली आहे. पण पुस्तकांतल्या याद्या वाचून जी-सिक्स-पीडीच्या रुग्णाला निम्मी औषधे नाकारली जातात आणि त्यातली बहुतेक विनाकारण. प्रोपोफॉल, केटामीन, फेंटानिल, भुलीचे नेहमीचे वायू यांचा इथे अडसर नाही. टाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत : मिथिलीन ब्लू, प्रिलोकेन, डॅप्सोन, प्रायमाक्वीन, आणि अशीच थोडी. चाचणीही नेमक्या वेळी दगा देते. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात ताज्या पेशी जास्त असतात, त्यांच्यात एन्झाइम जास्त असते आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. स्त्रियांत तर काही पेशी निरोगी, काही सदोष, त्यामुळे अहवाल मधल्यामध्ये लटकतो. त्यापेक्षा मिथिलीन ब्लू हातात घेण्याआधी प्रत्येक रुग्णाबाबत थांबायचा नियम करावा आणि शंका असेल तिथे क जीवनसत्त्व किंवा रक्त बदलण्याची तयारी ठेवावी. त्याला कुणाच्या कुळाची चौकशी लागत नाही.

आग्रही : नियम चांगला आहे, पण पेशी फुटतात कधी? औषधानंतर एक ते तीन दिवसांनी. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की तो गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि कावीळ म्हणून उपचार घेतो. ओटीपर्यंत बातमी परत येतच नाही, म्हणून ओटीला वाटते की आपल्याकडे असे काही घडत नाही. शंकेखोराची सारी मांडणी जे ओटीत दिसले त्यावर उभी आहे.

शंकेखोर : हा आक्षेप वजनदार आहे. तरी त्याचे उत्तर घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा हे आहे. जनुकीय चाचणीने ती बातमी परत येणार नाही.

आग्रही : मग असे विकार घेऊ, जिथे त्रास औषधाने होत नाही, नेहमीच्या काळजीनेच होतो. ग्लायकोजेन साठण्याच्या पहिल्या प्रकारच्या विकारात यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू शकत नाही. अशा मुलाला रात्री दर काही तासांनी मक्याचे कच्चे स्टार्च पाजावे लागते. ऑपरेशनसाठी ‘रात्री बारानंतर काही देऊ नका’ असे सांगितले की पहाटेपर्यंत त्याची साखर कोसळते. वर त्याला आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, चढवले जाते, जेव्हा त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल आधीच वाढलेले असते. भुलीखाली घाम, थरथर, बडबड यातले काहीच दिसत नाही. युरिया चक्राच्या विकारात उपाशी शरीर स्वतःची प्रथिने जाळते आणि अमोनिया वाढतो. टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये मुलाने गिळलेले रक्त हा सुद्धा प्रथिनांचा मोठा घासच असतो. दोन दिवसांनी मूल गुंगीत जाते आणि सगळे भुलीला दोष देतात. इथे सावध नजर कामाची नाही, कारण नजरेला दिसण्यासारखे काही नसते.

शंकेखोर : पण हे मूल सापडणार कसे? असा एखादा विकार लाखभर जन्मांत एखाद्याला असतो. ज्याचे निदान झाले आहे त्याची आई फाइल घेऊनच येते, आणि ती फाइल वाचली पाहिजे यावर वाद नाही. ज्याचे झाले नाही ते दहा मिनिटांच्या चौकशीत सापडणार नाही. त्याच्यासाठी नाव न कळताही घेता येईल अशी काळजी हवी. लहान मूल यादीत पहिले घ्यावे. घन आहारासाठी सहा तास, आईच्या दुधासाठी चार, पाणी-सरबतासाठी दोन हा सर्वमान्य नियम खरोखर पाळावा. यादी लांबली तर ग्लुकोमीटर लावावा. नायट्रस ऑक्साइड हे याचे चांगले उदाहरण. तो वायू बी-बाराचा कोबाल्ट निकामी करतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदीत एका तान्ह्या बाळाला तो दोनदा दिला गेला होता. बाळ दगावले आणि त्याला एमटीएचएफआर या एन्झाइमची जन्मजात उणीव असल्याचे नंतर कळले. गुजरातेत शाकाहारामुळे बी-बाराची कमतरता घरोघरी आहे. म्हणजे त्या दुर्मिळ बाळाला वाचवणारी काळजी हजारो साध्या रुग्णांनाही उपयोगी पडते. वायू टाळावा, नाव शोधत बसू नये.

शंकेखोराचे हे सर्वांत भक्कम म्हणणे. सर्वांसाठीची साधी शिस्त दुर्मिळ रुग्णाला आपोआप वाचवते, असे त्याचे सूत्र आहे, आणि बऱ्याच विकारांत ते खरे ठरते. ते जिथे मोडते ती जागा आग्रही बरोबर दाखवतो.

आग्रही : सर्वांसाठीची काळजी एकाच दिशेची असेल तरच हे सूत्र चालते. ग्लायकोजेन साठण्याच्या त्या पहिल्या विकारात १० टक्के डेक्स्ट्रोज जीव वाचवते. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजची उणीव असलेल्या मुलात त्याच साखरेने लॅक्टेट चढते. प्रोपोफॉल बहुतेकांना सुरक्षित आहे, पण मायटोकॉन्ड्रियाच्या विकारात ते लांबवर चालू ठेवणे धोक्याचे. पाँपे विकारात तान्ह्या मुलाच्या हृदयाची भिंत इतकी जाड झालेली असते की भूल देताना रक्तदाब उतरला तर हृदय थांबू शकते, म्हणून तिथे केटामीनला पसंती. एकाचा उतारा दुसऱ्याला बाधतो. इथे नाव कळल्याशिवाय कुठल्या बाजूला जायचे तेच ठरत नाही. जर्मनीच्या भूलतज्ज्ञ संघटनेने ‘ऑर्फन अ‍ॅनेस्थेसिया’ या उपक्रमात एकेका दुर्मिळ विकाराच्या स्वतंत्र सूचना काढल्या, त्या याचसाठी. आणि नाव नेहमी प्रयोगशाळेतूनच येते असेही नाही. म्युकोपॉलिसॅकरायडोसिसचे मूल निदानाच्या आधीच हर्नियासाठी, अ‍ॅडेनॉइडसाठी, कानात नळी बसवण्यासाठी ओटीत येऊन गेलेले असते. जाड जीभ, आखूड मान, ताठ बोटे, पुढे आलेले पोट दिसत असते. त्याची श्वासनलिका वर्षागणिक अवघड होते आणि मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. एकाच मुलाच्या वाट्याला तीन ‘किरकोळ’ ऑपरेशने आलेली पाहून जो भूलतज्ज्ञ थबकतो, तोच त्या विकाराचा पहिला निदानकर्ता ठरतो.

शंकेखोर : थबकल्यावर पुढे काय, हाही प्रश्न आहे. अशा मुलाची ट्यूब अनुभवी हातांनी आणि फायबर-ऑप्टिक यंत्राने टाकावी लागते. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल तर ‘हे इथे होणार नाही’ म्हणून पाठवण्याचे धैर्य लागते. पाठवायचे कुठे? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचे केईएम हे केंद्र आहे. त्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्थाही आहे. धोरणाखाली उपचारासाठी पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण लिंबायतच्या खोलीतून निघून परळला महिनाभर राहू न शकणारे कुटुंब हर्निया तसाच ठेवेल आणि अडकला की मध्यरात्री पुन्हा सिव्हिलमध्येच येईल. तेव्हा ना निदान हातात असेल, ना फाइल. त्या रात्रीची तयारी हाच खरा प्रश्न आहे.

आग्रही : म्हणूनच माहिती रुग्णाबरोबर फिरली पाहिजे. गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांची चयापचय-विकारांसाठीची तपासणी राज्यपातळीवर सुरू केली, तेव्हा हे आपल्याकडे अशक्य नाही. सिकलसेलची कार्डे तर दक्षिण गुजरातेत आणि नंदुरबारात लोकांच्या परिचयाची आहेत. त्याच धर्तीवर भुलीचे कार्ड द्यावे. त्यावर विकाराचे नाव, टाळायची औषधे आणि उपवासाची मर्यादा असावी. भावंडांना बोलावून तपासावे, कारण यातल्या बहुतेक विकारांत सख्ख्या भावंडात तोच दोष असण्याची शक्यता चारात एक असते.

शंकेखोर : सिकलसेलच्या कार्डाचेच उदाहरण घेतले तर अडचण उघडी पडते. लग्न जुळवताना ते पाहावे हा त्याचा एक हेतूच आहे. भुलीच्या कार्डाचा हेतू तो नाही, पण वापर तसाच होईल. ज्या मुलीला स्कोलिनखेरीज आयुष्यात कसलाच त्रास होणार नाही, तिच्या कार्डावर ‘आनुवंशिक विकार’ असे छापायचे आणि ते सोयरिकीच्या बैठकीत पोहोचवायचे? तिच्या कार्डावर विकाराचे नाव नको. ‘स्कोलिन देऊ नये’ एवढी सूचना पुरे.

आग्रही : सूचना औषधाच्या नावावर टिकते आणि औषधे बदलत राहतात. स्कोलिनच्या जागी उद्या मिव्हाक्युरियम हातात आले, तर तेही याच एन्झाइमने मोडते आणि कार्ड त्याबद्दल गप्प राहील. नाव असेल तर पुढचा डॉक्टर विचार करू शकतो. आणि नाव झाकले तर तिच्या भावाला तपासणीसाठी बोलवायचे कशाच्या आधारावर?

शंकेखोर : मग नाव रुग्णालयाच्या नोंदीत ठेवावे आणि सूचना कार्डावर.

आग्रही : नोंद सुरतेत, भाऊ नवापूरला, आणि त्याचे अपेंडिक्स नंदुरबारला निघणार.

शंकेखोर : तर निदान हे तरी ठरवावे की भावाला कळवायचे काम कुणाचे. भूलतज्ज्ञाची बदली होते, सर्जन हर्निया पाहतो, जनुकतज्ज्ञ सिव्हिलच्या त्या रांगेत बसलेला नसतो. आज ते काम रुग्णाच्या आईवर पडते, आणि सासरच्या माणसांना काय सांगायचे, किती सांगायचे, हे तिचे तीच ठरवते.